युरियाच्या गोणीतला हायड्रोजन

खरिपाच्या तोंडावर नागपूर जिल्ह्यातल्या कोणत्याही कृषी सेवा केंद्रात रचलेल्या युरियाच्या ४५ किलोच्या गोणीतील नत्रासाठी सुमारे २५ किलो अमोनिया आणि त्या अमोनियासाठी साधारण साडेचार किलो हायड्रोजन लागतो. हा हायड्रोजन प्रामुख्याने नैसर्गिक वायूपासून काढतात व त्यात किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हरित हायड्रोजनची, म्हणजे नवीकरणीय विजेवर पाण्यापासून काढलेल्या हायड्रोजनची, चर्चा बहुधा मोटारींपासून सुरू होते; ती खरे तर या गोणीपासून व्हायला हवी.

हवेतील नायट्रोजनचा हायड्रोजनशी संयोग घडवण्याची जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाबर यांची पद्धत १९०९ची, आणि बॉश यांनी ती कारखान्यात उतरवली १९१३ मध्ये, जर्मनीतील ओपाऊ येथे. तेव्हा हायड्रोजन कोळशापासून मिळे. भारतात मात्र १९६१ मध्ये पंजाबातील नांगल येथे भाक्राच्या जलविजेवर पाण्याचे विघटन करून खतासाठी हायड्रोजन काढला जाऊ लागला. आज ज्याला हरित म्हणतात तो हाच, फक्त तेव्हा त्याला रंगाचे नाव नव्हते. पुढे नाफ्था आणि वायू स्वस्त पडू लागले व ही वाट मागे पडली.

कारण विजेचे गणित. किलोभर हायड्रोजनला ५० ते ५५ युनिट लागतात, म्हणजे एका गोणीला जवळपास २४० युनिट; लहान घराची दोन महिन्यांची वीज. शिवाय ही वीज नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांतली, म्हणजे कोळशाची असेल, तर किलोमागे ४५ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघेल, वायूच्या चौपटीहून अधिक. म्हणूनच जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर झाल्यावर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘हरित’ची मर्यादा हायड्रोजनच्या किलोमागे दोन किलो कार्बन डायऑक्साइड अशी ठरवावी लागली.

अमोनिया उणे ३३ अंशांवर द्रव होतो, हायड्रोजन उणे २५३ वर. त्यामुळे वाहतुकीला अमोनियाच सोयीचा. दाबाखालील वायूंच्या टाक्यांना परवाने देणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरातच आहे.

युरियाची अडचण निराळी आहे. त्याच्या रेणूत कार्बन असतो आणि तो आज नैसर्गिक वायूतूनच येतो, त्यामुळे हरित हायड्रोजनपासूनचा अमोनिया, कार्बन न लागणाऱ्या डीएपी व संमिश्र खतांत आधी सहज खपेल. युरियासाठी कार्बन वेगळा मिळवावा लागेल, आणि नागपूरकरांसाठी त्याचा सर्वांत जवळचा साठा म्हणजे कोराडीच्या चिमण्या.