हॅलोविन एकतीस तारखेला, भाग मात्र नोव्हेंबरात

२००४ साली ३१ ऑक्टोबर रविवारी आला होता. 'द सिम्पसन्स' या अमेरिकन अ‍ॅनिमेशन मालिकेचा वारही रविवारच. त्याच वाहिनीवर, फॉक्सवर, दाखवली जाणारी वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलच्या विजेतेपदाचे अंतिम सामने, चार दिवस आधी, २७ तारखेला, आटोपली होती. म्हणजे त्या दिवशी तरी बेसबॉलची आडकाठी उरली नव्हती. तरीही त्या वर्षीचा हॅलोविनचा भाग लागला तो ७ नोव्हेंबरला. दिवाळी अंक देवदिवाळीला हातात पडावा, तसं.

'ट्रीहाऊस ऑफ हॉरर' या वार्षिक भागाबद्दल लिहिताना बहुतेक जण कुठल्या वर्षी कुठल्या सिनेमाचं विडंबन झालं त्याची यादी देतात. ती यादी रंजक आहेच. पण या भागाचं काय झालं हे समजून घ्यायचं, तर प्रक्षेपणाच्या तारखा जास्त बोलक्या आहेत.

मुळाशी आहेत ती १९५० च्या दशकातली अमेरिकन भयकथांची कॉमिक्स. स्वस्तातला अंक, आत तीन-चार सुट्या गोष्टी आणि गोष्टीची ओळख करून देणारा एक विद्रूप सूत्रधार. १९५४ मध्ये सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली, प्रकाशकांनी स्वतःवरच आचारसंहिता लादून घेतली आणि ही कॉमिक्स आटली. सुट्या गोष्टींचा साचा मात्र टिकला. १९५९ ते १९६४ या काळात 'द ट्वायलाइट झोन'ने तो टीव्हीवर रुजवला आणि सिम्पसन्सच्या लेखकांनी या दोन्ही ठिकाणांहून मोकळ्या हाताने उचललं.

पहिला भाग २५ ऑक्टोबर १९९० चा, गुरुवारचा. मालिकेला वर्षही झालेलं नव्हतं. सुरुवातीला सिम्पसन कुटुंबातली आई मार्ज पडद्यापुढे येऊन आईबापांना बजावते की भाग भीतीदायक आहे, मुलांना वेळीच झोपवा. ही लकब १९३१ च्या 'फ्रँकेनस्टाइन' सिनेमाच्या सुरुवातीवरून घेतलेली. मग तिची मुलं बार्ट आणि लिसा परसातल्या झाडावरच्या घरात बसून भुताच्या गोष्टी सांगतात, त्यांचा बाप होमर बाहेरून चोरून ऐकतो आणि सगळ्यात जास्त तोच घाबरतो.

त्यातली दुसरी गोष्ट परग्रहवासीयांची. कँग आणि कोडोस हे दोघे इथेच पहिल्यांदा आले. ते सिम्पसन कुटुंबाला यानात नेऊन पोटभर खाऊ घालतात. लिसाला संशय येतो. तिला एक पुस्तक सापडतं, त्याचं नाव 'माणसं कशी शिजवावीत' असं काहीसं. पुस्तकावरची धूळ फुंकली की मधला झाकलेला शब्द उघडा पडतो आणि नाव होतं 'माणसांसाठी कसं शिजवावं'. लिसा पुन्हा फुंकते. आता चाळीस माणसंच शिजवायची आहेत. तिसऱ्या फुंकरीला कळतं, की पुस्तक चाळीस माणसांच्या जेवणावळीचं आहे. यजमान खरोखरच भले होते आणि लिसाच्या संशयापायी सगळ्यांना परत पाठवलं जातं. 'ट्वायलाइट झोन'च्या १९६२ च्या एका भागात पाककृतींचं पुस्तक खरोखरच माणसं शिजवण्याचं निघतं. इथे शेवट नेमका उलटा केला आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे १८४५ ची 'द रेव्हन' (डोमकावळा) ही कविता. ती जवळपास तशीच्या तशी म्हटली आहे, 'स्टार वॉर्स'मधल्या डार्थ वेडरला आवाज देणाऱ्या नटाच्या खर्जात. मालिकेच्या जनकाला याच गोष्टीची सगळ्यात जास्त धास्ती होती, कारण विनोद कमी आणि कविता जास्त. भिंतीवर कवितेतल्या दिवंगत प्रेयसीची, लेनोरची, तसबीर आहे. लेनोर म्हणजे मार्ज. तिचा उंच निळा केशसंभार एका चौकटीत मावत नाही, म्हणून उरलेल्या केसांसाठी वर दुसरी चौकट टांगलेली आहे. कावळ्याला बार्टचं तोंड. शोकमग्न कवितेला जराही धक्का न लावता तिच्या कडेला हे असं बसवणं सोपं नाही. माझ्या मते पुढच्या सगळ्या वर्षांत या वार्षिकाने गाठलेली सर्वात उंच जागा ही आहे.

पहिल्या पाच वर्षांत भागाची ठेवण ठरली. गोष्टी तीन. मेलेलं माणूस पुढच्या गोष्टीत जिवंत. मालिकेच्या नेहमीच्या आयुष्याशी, चाहते ज्याला कॅनन म्हणतात त्याच्याशी, काही संबंध नाही. श्रेयनामावलीत सगळ्यांची भुताळी टोपणनावं. सुरुवातीच्या दृश्यातल्या थडग्यांवर विनोदी मजकूर असायचा, पण दरवर्षी नवा मजकूर सुचेना, म्हणून तो बंद झाला. गोष्टींना जोडणारं कथानकही चार वर्षंच टिकलं: झाडावरचं घर, मग अतिखाण्याने पडलेली स्वप्नं, मग हॅलोविनची पार्टी, मग चित्रांचं दालन. १९९४ पासून ते गेलं. त्यामुळे गोष्टींना जास्त वेळ मिळाला, पण झाडावरचं घर नावापुरतंच उरलं. तसं ते नावही बराच काळ पडद्यावर नव्हतं. तिथे दशकभराहून जास्त काळ 'द सिम्पसन्स हॅलोविन स्पेशल' असंच दिसायचं. 'ट्रीहाऊस ऑफ हॉरर' हे भागाच्या कागदोपत्री शीर्षकात होतं आणि तिथून ते लोकांच्या तोंडी बसलं. जुना भाग शोधताना होणारा गोंधळ बहुतेक यातूनच येतो.

तारखेची किंमत कळायला १९९६ चा भाग पाहावा. तो लागला २७ ऑक्टोबरला. अध्यक्षपदाचं मतदान ५ नोव्हेंबरला. तिसऱ्या गोष्टीत कँग आणि कोडोस तेव्हाचे अध्यक्ष आणि त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी यांची रूपं घेऊन प्रचार करतात. होमर सगळ्यांसमोर त्यांचं पितळ उघडं पाडतो, तरी काही फरक पडत नाही, कारण पक्ष दोनच आहेत आणि दोघांपैकी एकाला मत द्यावंच लागणार. शेवटी माणसं गुलाम होऊन साखळदंडात राबताना दिसतात आणि होमर म्हणतो, मला दोष देऊ नका, मी कोडोसला मत दिलं होतं. हे मतदानाच्या नऊ दिवस आधी लोकांनी पाहिलं. अ‍ॅनिमेशनचा भाग तयार व्हायला नऊ-दहा महिने लागतात, हॅलोविनच्या भागात तर जवळजवळ प्रत्येक पात्र आणि प्रत्येक पार्श्वभूमी नव्याने काढावी लागते. एवढा आधी केलेला भाग नेमक्या आठवड्यात जाऊन बसला, हे नशीब नव्हे. तारीख आधीपासून ठरलेली होती, म्हणून लेखकांना तिच्यावर नेम धरता आला.

२००० पासून तो नेम सुटला. वर्ल्ड सिरीज दरवर्षी याच वाहिनीवर दाखवायचं ठरलं आणि ऑक्टोबरातल्या संध्याकाळी बेसबॉलच्या बाद फेऱ्यांनी भरून गेल्या. वाहिनीची अडचण खोटी नव्हती. सप्टेंबरात सीझन सुरू करायचा आणि लगेच महिनाभर थांबवायचा, तर प्रेक्षक विखुरतो. त्यावर काढलेला तोडगा असा, की सीझनच नोव्हेंबरात सुरू करायचा, आणि सुरुवात हॅलोविनच्या भागाने. २००० ते २००४ अशी सलग पाच वर्षं हेच झालं. १ नोव्हेंबर २०००, बुधवार. ६ नोव्हेंबर २००१, मंगळवार. त्या वर्षी ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांमुळे बेसबॉल लांबलं आणि सातवा सामना रविवारी, ४ नोव्हेंबरला झाला. मग ३ नोव्हेंबर, २ नोव्हेंबर आणि वर सांगितलेला ७ नोव्हेंबर.

या निर्णयाची बाजू घेणारे म्हणतात, की गोष्टी चांगल्या असल्या तर तारखेने काय बिघडतं. पुनःप्रक्षेपणात, डीव्हीडीवर आणि पुढे मोबाइलवर पाहणाऱ्याला तारीख कुठे दिसते? भारतात इंग्रजी वाहिनीवर ही मालिका पाहिलेल्या आपल्यासारख्यांना तर हॅलोविनची तारीख कधीच जाचली नाही. हे खरं आहे, आणि तरीही मला ते पटत नाही. मृत्यू, रक्त, कॅननला रजा ही सगळी सूट या भागाला एका रात्रीच्या नावावर मिळाली होती. एरवी सरळमार्गी चालणारं कुटुंब वर्षातून एकदा अंगात आल्यासारखं वागतं, आणि दुसऱ्या दिवशी कुणाला काही आठवत नाही. ती रात्र काढून घेतली, की उरतो तो सीझनचा धडाकेबाज पहिला भाग. पहिल्या भागाला नवे प्रेक्षक खेचायचे असतात, चालू सिनेमे टिपायचे असतात. 'द रेव्हन'सारखी संथ, कवितेच्या लयीत चालणारी गोष्ट अशा जागी कोण ठेवेल?

लेखकांनाही हे खुपत होतं. २ नोव्हेंबर २००३ च्या भागाच्या सुरुवातीला कँग आणि कोडोस यानातून पृथ्वीकडे पाहतात आणि माणसांची कीव करतात, की हे लोक हॅलोविनचा भाग नोव्हेंबरात दाखवताहेत. आता हॅलोविन कुणाच्या डोक्यात आहे, आम्ही तर नाताळची सजावटसुद्धा लावली, असं एक जण म्हणतो आणि यानात खरंच नाताळची सजावट दिसते. वाहिनीच्या वेळापत्रकावर तिच्याच पडद्यावरून एवढी उघड टीका झाली. वेळापत्रक मात्र हललं नाही. २००५ पासून सीझन पुन्हा सप्टेंबरात सुरू होऊ लागला, तरी २००८ पर्यंत हॅलोविन नोव्हेंबरातच राहिला.

२००९ मध्ये भाग ऑक्टोबरात परतला, १८ तारखेला. पण पुढच्याच वर्षी ३१ ऑक्टोबर रविवारी आला आणि त्या संध्याकाळी वर्ल्ड सिरीजचा चौथा सामना होता. भाग गेला ७ नोव्हेंबरला. त्यानंतर दुसरं टोक गाठलं गेलं. २०१२ मध्ये ७ ऑक्टोबर, २०१३ मध्ये ६ ऑक्टोबर. बेसबॉल ऐन भरात यायच्या आत हॅलोविन उरकून घ्यायचा, असा हा प्रकार. दरम्यान आकड्यांना महत्त्व आलं: २०१६ चा भाग मालिकेचा सहाशेवा, २०१९ चा सहाशे सहासष्टावा. मान मोठा, पण तो कॅलेंडरमुळे नव्हे, क्रमांकामुळे मिळालेला.

याच काळात, १८ ऑक्टोबर २०१५ ला, 'हॅलोविन ऑफ हॉरर' आला, आणि तो मुद्दाम पाहावा असा आहे. नाव जवळचं असलं तरी तो या मालिकेतल्या मालिकेचा भाग नाही. सबंध एकच गोष्ट, तीही कुटुंबाच्या खऱ्या आयुष्यातली, कॅननमधली. करमणूक उद्यानातल्या हॅलोविनच्या खेळात लिसा इतकी घाबरते, की लहानपणची शेपटीची चिंधी पुन्हा उराशी धरते. होमर तिच्यासाठी सणाच्या रात्री घरी थांबतो. पंचवीस वर्षं ज्या घरात दरवर्षी सगळे मरून पुन्हा उठत होते, तिथे पहिल्यांदा भीती खरी ठरली आणि ती दुसऱ्या दिवशीही उरली. नेहमीचा तीन गोष्टींचा भाग आठवड्याने, २५ तारखेला आला. दोन्ही ऑक्टोबरातच.

२०२० मध्ये बेसबॉलने भाग पुन्हा १ नोव्हेंबरला ढकलला. २०२१ मध्ये ३१ ऑक्टोबरला रविवार होता, पण संध्याकाळ वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्याने घेतली. भाग १० तारखेलाच होऊन गेला होता. २०२२ मध्ये ३० ऑक्टोबर, २०२३ मध्ये ५ नोव्हेंबर, २०२४ मध्ये ३ नोव्हेंबर. पहिल्या पस्तीस भागांपैकी नेमके ३१ ऑक्टोबरला लागलेले दोनच, १९९१ चा आणि १९९९ चा. ३१ ऑक्टोबरला पुन्हा रविवार येतो तो २०२७ मध्ये.