आंतरसांस्कृतिक संवाद

आंतरसांस्कृतिक संवाद : भाषा, धर्म, चालीरीती किंवा इतिहास वेगळा असलेल्या समाजांनी एकमेकांविषयीचे अज्ञान आणि त्यातून रुजलेले गैरसमज दूर करण्यासाठी केलेली देवाणघेवाण. परस्परांची भाषा शिकणे, ग्रंथांचे अनुवाद, एकत्र शिक्षण, विद्यार्थ्यांची ये-जा, पाठ्यपुस्तकांची संयुक्त तपासणी आणि समोरासमोरची चर्चा हे सारे त्यात येते. वाटाघाटींहून तो निराळा आहे. वाटाघाटीत काहीतरी पदरात पाडून घ्यायचे असते. संवादात समोरचा स्वतःला कसा समजतो हे त्याच्याच तोंडून ऐकायचे असते. त्यानंतर मतभेद कायम राहिले तरी संवाद फसला असे होत नाही.

अज्ञानाचे स्वरूप

परक्या समाजाविषयीचे अज्ञान म्हणजे कोरी पाटी, असे आपण धरून चालतो. ती पाटी क्वचितच कोरी असते. घरात कानावर पडलेले शेरे, वर्गातले विनोद, इतिहासाच्या पुस्तकातली युद्धे, पडद्यावरचे खलनायक यांनी ती लहानपणीच भरून गेलेली असते. ज्याला आपल्याला ठाऊक नाही हे कळते, तो विचारतो. ज्याला सगळे ठाऊक आहे असे वाटते, तो कशाला विचारेल? म्हणूनच माहितीचा पुरवठा केला की गैरसमज आपोआप गळून पडतील, ही आशा सहसा फोल ठरते. समजुतीत न बसणारा माणूस भेटलाच, तर ‘हा त्यांच्यातला वेगळा आहे’ असे म्हणून त्याला बाजूला काढले जाते आणि समजूत जागच्या जागी राहते. ज्याच्याविषयी पाटीवर लिहिले आहे त्यालाच ‘हे असे नाही’ म्हणता आले पाहिजे. शिक्षणाला संवादाची जोड लागते ती इथे.

या अडचणीचे फार जुने आणि फार प्रामाणिक वर्णन अल्-बीरूनी या मध्य आशियातील ख्वारिझमच्या विद्वानाने केलेले आहे. गझनीच्या महमूदाने ख्वारिझम जिंकल्यावर १०१७ मध्ये त्याला गझनीला नेले. पुढे त्याने संस्कृतचा अभ्यास केला, पंडितांशी चर्चा केल्या आणि सु. १०३० मध्ये भारतीयांचे धर्म, शास्त्रे व चालीरीती यांवर अरबी ग्रंथ पूर्ण केला. हे खंडनासाठी लिहिलेले पुस्तक नाही, त्यांचे म्हणणे जसे आहे तसे मी मांडतो, असे तो सुरुवातीलाच बजावतो. मग अडथळे सांगतो. पहिला भाषेचा. एखादा शब्द त्यांच्या तोंडून ऐकून, उच्चार काळजीपूर्वक टिपून घ्यावा आणि नंतर त्यांनाच म्हणून दाखवावा, तर त्यांना तो ओळखणेही मुश्कील व्हावे, असा त्याचा अनुभव. आपल्या वेशाची आणि रीतींची भीती घालून तिथे मुलांना घाबरवतात, हेही त्याने नोंदवले. पण लगेच न्यायाला धरून कबुली दिली : परक्यांना असे हिणवणे आमच्यातही आहे आणि सर्वच लोकांत आहे.

त्याने आणखी एक गोष्ट लपवली नाही. महमूदाच्या स्वाऱ्यांनी देशाची धूळधाण झाली, लोकांच्या मनात तीव्र तिटकारा बसला आणि विद्या दूर, काश्मीर आणि काशीसारख्या ठिकाणी निघून गेली, असे त्याने लिहून ठेवले. ज्याच्या दरबारात तो राहत होता त्याच राजाविषयी हे आहे. तलवारीच्या सावलीत जिज्ञासूलाही दारे बंद होतात, हे त्याने स्वतः भोगले होते.

अनुवादाची परंपरा

छापखान्यापूर्वीच्या काळात संस्कृतींची गाठ मुख्यतः प्रवासी आणि अनुवादक घालून देत. युआन च्वांग हा चिनी भिक्षू ६२९ च्या सुमारास निघाला, नालंदा येथे शिकला आणि ६४५ मध्ये शेकडो ग्रंथ घेऊन परतला. उरलेले आयुष्य त्याने ते चिनीत आणण्यात घालवले. बाराव्या शतकात स्पेनमधील टोलेडो येथे अरबी शास्त्रग्रंथ लॅटिनमध्ये येत होते. मोगल राजपुत्र दारा शुकोहने १६५७ मध्ये ५० उपनिषदे फार्सीत आणली; त्या फार्सीवरून आंकेतील द्यूपेराँ या फ्रेंच विद्वानाने केलेला लॅटिन अनुवाद १८०१-०२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि युरोपीय तत्त्वज्ञांच्या हाती पडला.

अनुवाद नेहमी स्नेहापोटीच झाला असे मात्र नाही. कुराणाचे पहिले लॅटिन भाषांतर ११४३ मध्ये पूर्ण झाले, ते इस्लामचे खंडन करता यावे या हेतूने एका मठाधिपतीने करवून घेतले होते. माहिती वाढली, संवाद झाला नाही.

संस्थात्मक प्रयत्न

दोन महायुद्धांनंतर या प्रश्नाला जागतिक व्यासपीठ मिळाले. १६ नोव्हेंबर १९४५ रोजी लंडनमध्ये स्वीकारलेल्या युनेस्कोच्या घटनेची उद्देशिका सांगते, की युद्धे माणसांच्या मनात सुरू होतात, म्हणून शांततेची तटबंदीही मनातच उभारायला हवी. आणि एकमेकांच्या जीवनरीतीविषयीचे अज्ञान हे लोकांमधील संशयाचे व अविश्वासाचे एक नेहमीचे कारण राहिले आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २००१ हे वर्ष संस्कृतींमधील संवादाचे वर्ष म्हणून जाहीर केले होते. त्याच वर्षी ११ सप्टेंबरचे हल्ले झाले आणि २ नोव्हेंबरला युनेस्कोने सांस्कृतिक विविधतेविषयीचा जाहीरनामा स्वीकारला. २१ मे हा दिवसही याच विषयासाठी पाळला जातो. युरोपमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या ‘इरास्मस’ योजनेत पहिल्या वर्षी ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थी परदेशी शिकायला गेले. शिकायला जाणाऱ्यांची संख्या पुढे लाखोंच्या घरात गेली.

भेटीगाठींचा परिणाम

लोक एकत्र आले की दुरावा मिटतो का? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट याने १९५४ मध्ये याचे सावध उत्तर दिले. नुसती भेट पुरत नाही. भेटणाऱ्यांचा दर्जा समान हवा, ध्येय सामायिक हवे, ते सहकार्याने गाठायचे असावे आणि अधिकारी व्यक्ती वा नियम यांचा पाठिंबा हवा.

त्याच वर्षी मुझफर शेरीफ आणि सहकाऱ्यांनी ओक्लाहोमातील एका उन्हाळी शिबिरात केलेला प्रयोग इथे जवळून पाहण्यासारखा आहे. सुमारे अकरा वर्षांची २२ मुले, सगळी एकाच प्रकारच्या घरांतली, दोन गटांत विभागली होती. स्पर्धा सुरू होताच शिवीगाळ, झेंडे जाळणे, खोल्यांची नासधूस इथवर मजल गेली. संस्कृतीचा कसलाच फरक नसताना ‘ते’ तयार झाले होते! मग दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवले, तर ताटातले अन्न एकमेकांवर फेकले गेले. पुढे पाण्याचा पुरवठा बंद पडला आणि सगळ्यांना मिळून बिघाड शोधावा लागला. नंतर जेवण आणणारा ट्रक अडला, तेव्हा ज्या दोराने रस्सीखेच खेळले होते त्याच दोराने दोन्ही गटांनी मिळून तो ओढला. अशा कामांनंतर वैर ओसरले. मुलांना आपल्यावर प्रयोग होतो आहे हे माहीत नव्हते, ही त्याची गंभीर नैतिक उणीव. तरी एकत्र पंगत आणि एकत्र काम यांतला फरक त्याने दाखवून दिला.

या तत्त्वावर एलियट ॲरॉन्सन याने १९७१ मध्ये टेक्ससमधील ऑस्टिन येथे वर्गाची नवी रचना केली. धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाला एकेक द्यायचा आणि पूर्ण धडा एकमेकांकडून शिकायचा. ज्या मुलाला आजवर कोणी बोलू देत नव्हते, त्याचे ऐकल्याशिवाय आता कोणाचाच अभ्यास पुरा होत नसे.

पेटिग्रू आणि ट्रॉप या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. संपर्क वाढतो तसा पूर्वग्रह सरासरीने घटतो, आणि ऑलपोर्टच्या अटी पाळल्या गेल्या तर अधिक घटतो, असे त्यांना दिसले. त्यांच्या पुढच्या विश्लेषणात आढळले, की माहिती वाढण्याचा त्यात वाटा आहे, पण भीती कमी होणे आणि दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहणे यांचा वाटा त्याहून मोठा आहे.

आक्षेप

संवादाचे बरेच कार्यक्रम वेशभूषा, नाच आणि खाद्यपदार्थ यांच्यापुढे जात नाहीत. त्यात आनंद असतो, पण जिथे दुखते त्या विषयाला हात लागत नाही. दुसरा आक्षेप प्रतिनिधित्वाचा : संपूर्ण समाजाच्या वतीने कोण बोलणार? व्यासपीठावर बहुधा धर्मगुरू आणि पुढारी बसतात. त्या समाजातल्या स्त्रिया, तरुण, परंपरा न मानणारे यांचा आवाज तिथे पोचत नाही. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. दोन बाजूंची ताकद असमान असली, की दुबळ्या बाजूला सतत स्वतःचा खुलासा करत बसावे लागते, तोही बहुधा बलवानाच्या भाषेत. घर, जमीन किंवा हक्क यांचा अन्याय तसाच ठेवून केलेला संवाद त्या बाजूला थट्टा वाटला, तर दोष तिला देता येत नाही.

पाठ्यपुस्तके

शेजारी देशांची एकमेकांविषयीची समजूत बव्हंशी इतिहासाच्या तासाला घडते, म्हणून सर्वांत चिवट काम इथेच झाले आहे. जर्मनी आणि पोलंड यांचा संयुक्त पाठ्यपुस्तक आयोग १९७२ मध्ये स्थापन झाला; दोन्ही देशांच्या सामायिक पुस्तकाचा पहिला भाग निघायला २०१६ साल उजाडले. फ्रान्स आणि जर्मनीतील तरुणांनी २००३ मध्ये एकाच इतिहासपुस्तकाची मागणी केली आणि २००६ मध्ये त्याचा पहिला भाग दोन्ही भाषांत, सारख्याच मजकुराने निघाला.

जिथे संघर्ष चालूच आहे तिथे असा एकच मजकूर शक्य होत नाही. इस्रायली मानसशास्त्रज्ञ डॅन बार-ऑन आणि पॅलेस्टिनी शिक्षणतज्ज्ञ सामी अदवान यांनी दोन्हीकडच्या शिक्षकांना घेऊन वेगळी वाट काढली. त्यांच्या पुस्तकाच्या पानावर एका बाजूला इस्रायली कथन, दुसऱ्या बाजूला त्याच घटनेचे पॅलेस्टिनी कथन, आणि मधला रकाना कोरा : तिथे विद्यार्थ्याने स्वतः लिहायचे. १९४८ साल एका रकान्यात स्वातंत्र्ययुद्ध म्हणून येते, दुसऱ्यात ‘नकबा’ म्हणजे महाआपत्ती म्हणून. पुस्तक हिब्रू आणि अरबी दोन्ही भाषांत छापले गेले. सरकारी अभ्यासक्रमात त्याला कोणत्याच बाजूने जागा दिली नाही. ज्या शिक्षकांनी ते लिहिले त्यांच्यापैकी काहींनी ते आपापल्या वर्गात मुलांच्या हाती दिले.