सक्तीचं एक वर्ष आणि रक्तातला वारसा

‘खाण तशी माती’ असं आपण सहज म्हणून जातो. वडिलांना शुगर आहे, मुलालाही होणार. आई शिकलेली आहे, मुलगी पुढे जाणारच. दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. पण आईवडिलांकडून मुलाला जनुकं मिळतात तसंच घरही मिळतं, आणि जनुकांचा परिणाम कुठे संपतो आणि घराचा कुठे सुरू होतो हे नुसतं पाहून सांगता येत नाही.

ब्रिटनमधल्या एका सरकारी निर्णयामुळे हा गुंता थोडा सुटला. 1972 साली तिथे शाळा सोडण्याचं किमान वय 15 वरून 16 झालं. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1 सप्टेंबर 1957 पासून पुढे जन्मलेल्यांना तो नियम लागू होता. ऑगस्टच्या शेवटी जन्मलेला मुलगा पंधराव्या वर्षी शाळा सोडून कामाला लागू शकत होता. सप्टेंबरच्या सुरुवातीला जन्मलेल्याला आणखी वर्षभर वर्गात बसणं भाग होतं. या दोन गटांतली जनुकं सरासरीनं सारखीच, घरंही सारखीच. फरक फक्त शाळेचा. संशोधकाला स्वतःहून असा प्रयोग करायची परवानगी कोण देणार?

ही मुलं पन्नाशीला पोचेपर्यंत ‘यूके बायोबँक’ हा आरोग्य-संशोधनासाठीचा मोठा माहितीसाठा उभा राहिला होता. 2006 ते 2010 या काळात सुमारे 5 लाख स्वयंसेवकांनी आपलं रक्त आणि शरीराची मोजमापं त्याच्याकडे दिली. सिल्विया बार्सेलोस, लिअँड्रो कार्व्हालो आणि पॅट्रिक टर्ली या संशोधकांनी त्यातून प्रत्येकाचा लठ्ठपणाचा जनुकीय धोका काढला. त्यासाठी डीएनएमधल्या असंख्य बारीक फरकांचे परिणाम एकत्र मोजून एक गुणांक तयार करतात. मग त्यांनी सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी धोक्याच्या गटांची तुलना केली. घातक शरीरयष्टीचं, म्हणजे वजन, चरबी आणि पोटाचा घेर यांवरून ठरवलेल्या धोक्याचं, प्रमाण या दोन गटांत 20 टक्के-बिंदूंनी वेगळं होतं. जादा शिक्षणामुळे ही दरी 6 टक्के-बिंदूंवर आली. जनुकं तीच राहिली, पण सर्वांत मोठा लाभ झाला तो जन्मतः जास्त धोका असलेल्यांना. 2018 साली आलेला हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो.

तरीही शिक्षणाला रामबाण समजू नये. त्याच संशोधकांना नंतर असंही दिसलं की या जादा शिक्षणानंतर मध्यमवयात लठ्ठपणा घटला, पण रक्तदाब थोडा वाढला. आयुर्मानाबद्दल तर वेगवेगळ्या अभ्यासांचं एकमत नाही.

2018 सालीच आइसलँडमधून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. आई किंवा वडील आपल्या जनुकांपैकी अर्धीच मुलाला देतात. उरलेली अर्धी त्या मुलात येतच नाहीत. ऑगस्टीन काँग आणि सहकाऱ्यांनी 21 हजारांहून अधिक लोकांच्या शिक्षणाची तुलना आईवडिलांच्या या न दिलेल्या जनुकांशी केली. मुलाच्या शरीरात नसूनही त्यांचा संबंध त्याच्या शिक्षणाशी दिसला, दिलेल्या जनुकांच्या सुमारे 30 टक्के इतका. शरीरात नसलेलं जनुक मुलाला शिकवणार कसं? ते आईवडिलांवर काम करतं, आणि आईवडील घर घडवतात. घरातली पुस्तकं, अभ्यासाला मिळणारा वेळ, हाताशी असणारा पैसा. आपण ज्याला ‘रक्तातलं’ म्हणतो, त्यातला काही भाग घरातलाच असतो.

हे सगळं वाचून मुलाचा डीएनए तपासून त्याची हुशारी आधीच जोखावी असं कुणाला वाटत असेल, तर त्यांनी कृपया थांबावं. असे गुणांक आजवर प्रामुख्यानं युरोपीय वंशाच्या लोकांवरून बेतलेले आहेत आणि भारतीयांच्या बाबतीत ते बरेच कमी अचूक ठरतात. खुद्द युरोपीय वंशाच्या 30 लाख लोकांवरचा 2022 सालचा अभ्यास घ्या. त्यातल्या गुणांकानं शिक्षणाच्या वर्षांतल्या तफावतीचा जेमतेम 12 ते 16 टक्के भाग उलगडला, आणि सख्ख्या भावंडांची तुलना केली की असे गुणांक आणखी दुबळे पडतात.