ऊन फुकट असताना दिवा कशाला?

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो. चेहऱ्यावरच्या कोडासाठी, म्हणजे पांढऱ्या डागांसाठी, डॉक्टरांनी अतिनील किरणांच्या दिव्याचा उपचार सांगितला, की घरातलं वडीलधारं कुणीतरी म्हणतंच, "आपलाकडे ऊन काय कमी शे का? बावचीचं तेल लाव अन् बस ओट्यावर."

सल्ला अगदीच हवेतला नाही. बावचीतलं सोरालेन त्वचेला अतिनील किरणांसाठी हळवी करतं आणि १९७० च्या दशकात पुढे आलेला 'पुवा' उपचार याच तत्त्वावर चालतो. अडचण मापाची आहे. चटका देते ती उष्णता. अतिनील किरण तर जाणवतही नाहीत. त्यामुळे घाम किती आला यावरून डोस कळत नाही. जास्त झालं की गालावर फोड येतात, आणि भाजलेल्या जागी नवा डाग उठू शकतो. भोवतालची त्वचा रापून जुना डाग जास्त डोळ्यांत भरतो, ते वेगळंच.

दवाखान्यातल्या दिव्याच्या नळ्या ३११ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचेच अतिनील किरण सोडतात. आठवड्यातून दोन-तीनदा, डोळ्यांवर गॉगल लावून, सुरुवातीला अगदी थोडा वेळ. डाग किंचित गुलाबी व्हावा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत लाली उतरावी, इतपतच डोस ठेवतात.

कोडात आपल्याच टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, त्वचेतल्या रंगपेशींना मारतात. पण केसांच्या मुळाशी रंगपेशींचं बियाणं बहुधा शाबूत राहतं. हे किरण टी-पेशींना आवरतात आणि त्या बियाण्याला जागं करतात. चेहऱ्यावर बारीक लव दाट असल्याने तिथे गुण लवकर येतो. पांढऱ्या डागात लवेच्या मुळाशी टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके दिसू लागतात. ते पसरत एकमेकांना मिळतात. ओठांवर केसच नाहीत, म्हणून तिथे रंग यायला फार वेळ लागतो. डागातली भुवई पांढरी झाली असेल, तर आशा कमीच धरावी.

सोबत मलम असतं. स्टिरॉइडचं मलम चेहऱ्यावर थोडेच दिवस, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मेडिकलवाल्याला विचारून महिनोन्‌महिने लावलं, तर त्वचा पातळ होते, मुरुमं येतात. म्हणून चेहऱ्याला टॅक्रोलिमस हे बिगर-स्टिरॉइड मलम बरं. पहिले काही दिवस ते चुरचुरतं, उन्हाळ्यात जरा जास्तच, पण त्वचा पातळ करत नाही. टी-पेशींचा निरोपच अडवणारं रुक्सोलिटिनिब हे मलम अमेरिकेत २०२२ मध्ये कोडासाठी मंजूर झालं.

दूध-मासे एकत्र खाल्ल्याने कोड होतो, याला आधार नाही. भरीतही सोडू नका. कपाळावर टिकलीच्याच जागी पांढरा डाग पडला असेल, तर मात्र टिकली सोडा. तिच्या गोंदातलं रसायन काहींच्या रंगपेशी मारतं.

निदान सहा महिने तरी दवाखान्याच्या खेपा ठरलेल्या. नंदुरबारच्या एखाद्या पाड्यावरून आठवड्यातून दोनदा एसटीने यायचं म्हणजे मजुरी बुडते, आणि बरेच जण तिसऱ्या महिन्यात, ठिपके नुकते दिसू लागलेले असतानाच थांबतात. अशांनी हातात धरायच्या छोट्या दिव्याबद्दल डॉक्टरांना विचारावं. तो घरी वापरता येतो, मात्र डोस त्यांनीच ठरवून द्यायचा. रंग पुरता भरल्यावरही डाग परतू शकतात. म्हणून काही डॉक्टर टॅक्रोलिमस आठवड्यातून दोनदा चालू ठेवायला सांगतात.