३०,००० फूट, २४ तास : स्वदेशी टेहळणी ड्रोनची पार्श्वभूमी

जानेवारी २०२४ मध्ये ‘तापस’ या स्वदेशी टेहळणी ड्रोनचा ‘मिशन मोड’ (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायचा) प्रकल्प बंद होत असल्याची बातमी आली. सैन्यदलांची मागणी होती ३०,००० फुटांवर सलग २४ तास उड्डाणाची. विमानाने गाठले २८,००० फूट आणि १८ तास. आकडे पाहून वाटते, थोडक्यात हुकले. पण टेहळणी ड्रोनच्या बाबतीत शेवटचे दोन हजार फूट आणि शेवटचे सहा तासच सगळ्यात अवघड असतात. ते हाती का लागले नाहीत, हे समजायला तीन दशकांहून मागे जावे लागते.

संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेची (डीआरडीओ) बंगळूरमधील एडीई ही प्रयोगशाळा या साऱ्या कामाचे माहेरघर. तिथे आधी ‘लक्ष्य’ घडले. तोफा आणि क्षेपणास्त्रांच्या सरावासाठी हवेत निशाण ओढत नेणारे हे जेट इंजिनाचे मानवरहित विमान. त्यातून दुरून आदेश पाठवणे, उड्डाणाची मोजमापे जमिनीवर घेणे, पॅराशूटने विमान उतरवणे या गोष्टी हाताखालून गेल्या. मात्र सरावाचे विमान थोडाच वेळ उडते आणि ते पडले तरी चालते. टेहळणीच्या विमानाला तासन्‌तास वर राहून स्थिर चित्र पाठवायचे असते. हे गणित पूर्ण वेगळे आहे.

लष्कराने टेहळणीच्या ड्रोनची मागणी नोंदवली ती १९९० च्या सुमारास, आणि ‘निशांत’ १९९५ मध्ये प्रथम उडाले. वजन सुमारे ३८० किलो, कॅमेरे वगैरे उपकरणांसाठी ४५ किलो, हवेत राहण्याची क्षमता साडेचार तास. त्याला चाके नव्हती. सीमेजवळ धावपट्टी असेलच असे नाही, म्हणून ते टाट्रा ट्रकवर बसवलेल्या रुळावरून हवा आणि तेलाच्या दाबाने फेकले जाई, आणि परतल्यावर पॅराशूटने उतरे. कल्पना लष्कराच्या गरजेला धरून होती. तिची किंमत मात्र प्रत्येक उड्डाणाला मोजावी लागे.

फेकताना विमान सुमारे ०.६ सेकंदात शून्यावरून सेकंदाला ४५ मीटर वेगाला पोहोचते. म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या साडेसात पट त्वरण. कॅमेऱ्याचे बेअरिंग, सोल्डर केलेले जोड, वायरींचे कनेक्टर यांना हा झटका दर खेपेला सोसावा लागतो. उतरतानाचे गणितही असेच आहे. समजा ५०० मीटरवर पॅराशूट उघडले आणि विमान सेकंदाला ६ मीटर वेगाने खाली येऊ लागले, तर टेकायला ८० सेकंदांहून अधिक वेळ लागतो. सेकंदाला ५ मीटरच्या साध्या वाऱ्यातही तेवढ्यात ते ४०० मीटर वाहून जाते. खाली खडक आहे की नाला, हे नियंत्रकाच्या हातात राहत नाही. पोटाखालच्या हवेच्या पिशव्या आदळणे मऊ करतात, पण तिरके टेकल्यावर पंख आणि शेपूट वाचवत नाहीत.

लष्कराने पोखरणजवळच्या चाचण्यांनंतर चार निशांत घेतली. त्यांतले चौथे विमान नोव्हेंबर २०१५ मध्ये जैसलमेरजवळ पडले, तेव्हा त्या चारांपैकी एकही उरले नव्हते, आणि लष्कराने पुढची खरेदी थांबवली. चाके लावलेली ‘पंछी’ ही आवृत्ती डिसेंबर २०१४ मध्ये उडाली होती. ती योग्य दिशेने होती, पण फार उशिरा आली.

निशांतच्या इंजिनाची कथा मात्र अभिमानाने सांगण्यासारखी आहे, आणि ती फारशी सांगितली जात नाही. मुळात त्यात ब्रिटिश बनावटीचे वँकेल इंजिन होते. वँकेलमध्ये वरखाली होणारा पिस्टन नसतो, तिकोनी रोटर फिरतो. त्यामुळे वजनाच्या मानाने ताकद भरपूर मिळते आणि कंपने कमी असल्याने कॅमेऱ्याचे चित्र कमी थरथरते. दोष दोन : रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या लवकर झिजतात, आणि इंधन जास्त लागते. बंगळूरची विमानविज्ञान प्रयोगशाळा एनएएल, अहिल्यानगरची (तेव्हाचे अहमदनगर) डीआरडीओची वाहनांची प्रयोगशाळा व्हीआरडीई आणि एडीई यांनी मिळून ५५ अश्वशक्तीचे देशी वँकेल तयार केले आणि २००९ मध्ये कोलारच्या धावपट्टीवरून ते निशांतमध्ये उडवूनही दाखवले. देशात विमानाचे छोटे इंजिन बनू शकते, हे तिथे सिद्ध झाले. त्यापुढच्या मोठ्या इंजिनांची मालिका तेव्हाच सुरू व्हायला हवी होती.

दरम्यान कारगिल घडले. २१ मे १९९९ रोजी छायाचित्रे टिपायला गेलेल्या हवाई दलाच्या कॅनबेरा विमानाला खांद्यावरून डागलेले क्षेपणास्त्र लागले. वैमानिकांनी एका इंजिनावर विमान परत आणले. डोंगरमाथ्यावर कोण बसले आहे हे पाहण्यासाठी माणसांचा जीव धोक्यात घालावा लागतो, हे त्या उन्हाळ्यात उघड झाले. कारगिल आढावा समितीनेही मानवरहित विमानांची शिफारस केली. गरज तातडीची होती, म्हणून इस्रायलची सर्चर आणि हेरॉन ही मानवरहित विमाने मोठ्या संख्येने घेतली गेली. ती खरेदी योग्यच होती. मात्र तिचा एक परिणाम झाला : सैन्यदलांना हेरॉनची सवय लागली, आणि देशी विमानाची तुलना पहिल्या दिवसापासून तयार, मुरलेल्या विमानाशी होऊ लागली.

निशांतनंतरच्या देशी ड्रोनमालिकेचे ‘रुस्तम’ हे नाव प्रा. रुस्तम दमानिया यांच्यावरून आले. त्यांनी १९८० च्या दशकात एनएएलमध्ये हलक्या कनार्ड (मुख्य पंखांच्या पुढे छोटे पंख असलेल्या) विमानाचे काम केले होते. रुस्तम-१ चा सांगाडा त्याच वंशाचा, म्हणजे अमेरिकन लाँग-ईझी या घरी बांधता येणाऱ्या कंपोझिट विमानाच्या आराखड्यावर बेतलेला. नोव्हेंबर २००९ मध्ये होसूरजवळच्या धावपट्टीवर ते पहिल्यांदा उडाले आणि उतरताना पडले. उंचीचा अंदाज चुकला, विमान जमिनीलगत आले असे समजून खालून इंजिन बंद करण्याचा आदेश गेला, आणि ताकद संपलेले विमान कोसळले. सांगाडा, इंजिन, रेडिओ दुवा यांत दोष नव्हता. खाली उभ्या माणसाला दुरून आठ-दहा मीटर उंची ओळखता येत नाही, एवढीच ती गोष्ट. उपाय म्हणजे खालच्या जमिनीपासूनची उंची स्वतः मोजणारा अल्टिमीटर आणि स्वयंचलित उतरण. ऑक्टोबर २०१० मध्ये दुसरे विमान नीट उडून उतरले.

फेब्रुवारी २०११ मध्ये रुस्तम-२ ला, म्हणजे पुढच्या तापसला, सुमारे १,५४० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. पुढे ती रक्कम १,७८६ कोटींवर गेली. २०.६ मीटर पंखविस्तार, साडेनऊ मीटर लांबी, दोन इंजिने, ३५० किलो उपकरणे. पहिले उड्डाण नोव्हेंबर २०१६ मध्ये चित्रदुर्ग जिल्ह्यात चल्लकेरेजवळच्या नव्या चाचणी केंद्रावर झाले. हे केंद्र होईपर्यंत मोठ्या ड्रोनसाठी हक्काची धावपट्टी आणि मोकळे आकाश नव्हते. उशिराच्या कारणांत हे कारण क्वचितच मोजले जाते.

मुख्य अडचण वजनाची. विमान अखेरीस सुमारे २,८५० किलोवर गेले, मूळ आखणीपेक्षा एक हजार किलोहून जास्त. हे एका दिवसात होत नाही. एक रडार वाढते, त्याला थंड ठेवणारी यंत्रणा लागते, तिला वीज लागते, जनरेटर मोठा होतो, इंधन वाढते, चाकांचे पाय जाड करावे लागतात, आणि त्या पायांसाठी सांगाडा मजबूत करावा लागतो. पंख तोच ठेवून वजन दीडपट केले, तर सर्वाधिक वेळ तरंगत राहण्याच्या वेगाला लागणारी ताकद दीडपट नव्हे, सुमारे १.८ पट होते. इंधन जळण्याचा दर त्याच प्रमाणात चढतो, आणि २४ तास निसटतात ते इथे.

उंचीची अडचण याला येऊन मिळते. ३०,००० फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम ३७ टक्के असते. त्याच पंखावर तेवढेच वजन पेलायला विमानाला १.६ पटींहून अधिक वेगाने जावे लागते, आणि नेमके तेव्हाच साधे पिस्टन इंजिन खालच्या ताकदीच्या तृतीयांशापर्यंत घसरते. टर्बोचार्जर हवा दाबून ही घट भरून काढतो, पण एका ठरावीक उंचीपर्यंतच; त्यापुढे तोही धापा टाकतो. तापसमध्ये आधी रशियन इंजिने होती, नंतर ऑस्ट्रियन डिझेल इंजिने आली. ही इंजिने मूळ मोटारीच्या डिझेल इंजिनावरून विकसित झालेली आहेत. त्यामुळेच व्हीआरडीईसारख्या लष्करी वाहनांच्या प्रयोगशाळेने १८० अश्वशक्तीच्या देशी इंजिनाचे काम हाती घेणे स्वाभाविक होते. पण ते विमानाच्या आधी तयार असायला हवे होते. विमान आखताना इंजिन हातात नसेल, तर वाढलेल्या प्रत्येक किलोची भरपाई परदेशी कॅटलॉगात जे मिळेल त्यातूनच करावी लागते. शिवाय जून २०१६ पर्यंत भारत ‘क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्था’ या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाबाहेर होता. ही व्यवस्था मोठ्या ड्रोनलाही लागू असल्याने अशा भागांसाठी पुरवठादार देशाच्या परवानगीशी गाठ पडत असे.

तापसचे एक विमान सप्टेंबर २०१९ मध्ये आणि एक ऑगस्ट २०२३ मध्ये चित्रदुर्ग जिल्ह्यात शेतात कोसळले. बातम्यांत ठळक राहिले ते हेच. पण याच विमानाने जे कमावले ते मोडीत काढण्यासारखे नाही. डीआरडीओच्याच चेन्नईतील सीव्हीआरडीई या प्रयोगशाळेने आत ओढता येणारी चाके बनवली. ‘गगन’ या भारतीय उपग्रह सुधारणा प्रणालीच्या आधारे विमान माणसाच्या हाताशिवाय उतरू लागले. जून २०२३ मध्ये चल्लकेरेहून निघालेल्या तापसचे नियंत्रण किनाऱ्यापासून १४८ किलोमीटरवरच्या आयएनएस सुभद्रा या नौकेने ४० मिनिटे घेतले आणि परत दिले.

रेडिओ दुव्याचा हा भाग कळीचा आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे २०,००० फुटांवरच्या विमानाशी थेट रेषेतला संपर्क जास्तीत जास्त ३२० किलोमीटरच्या आसपास टिकतो. ५०० मीटरवरच्या छोट्या ड्रोनशी जेमतेम ९०. डोंगराळ भागात तर पुढचे शिखरच दुवा तोडते. म्हणून दुवा तुटल्यावर काय करायचे हे विमानाच्या संगणकात आधीच लिहिलेले असावे लागते : अमुक उंचीवर चढ, इतकी मिनिटे घिरट्या घाल, तरीही आदेश आला नाही तर ठरलेल्या वाटेने परत जा. परतीची उंची वाटेतल्या सर्वात उंच शिखरापेक्षा कमी भरली गेली, तर विमान शिस्तीत डोंगरावर जाऊन आदळते.

कॅमेऱ्याचेही असेच. ६४० गुणिले ५१२ बिंदूंचा, १५ मायक्रॉन बिंदूचा औष्णिक कॅमेरा आणि ३०० मिलिमीटरचे भिंग घेतले, तर १० किलोमीटरवर एक बिंदू अर्धा मीटर जमीन व्यापतो. ट्रकची रुंदी चार-पाच बिंदूंत येते, माणूस एका ठिपक्यापुरता उरतो. बिंदूच्या अर्ध्याहून अधिक थरथर झाली तर तो ठिपकाही पुसला जातो. त्यामुळे कॅमेऱ्याला स्थिर धरणारे गिंबल हा कॅमेऱ्याइतकाच महत्त्वाचा, आणि बनवायला अधिक अवघड भाग.

लहान ड्रोनची वाट वेगळी निघाली. मुंबईच्या आयडियाफोर्ज या कंपनीने डीआरडीओच्या पुण्यातील प्रयोगशाळेसोबत ‘नेत्र’ बनवले, आणि जानेवारी २०२१ मध्ये याच कंपनीच्या ‘स्विच’ ड्रोनसाठी लष्कराने करार केला. साडेसहा किलो वजन, २.६ मीटर पंख, हेलिकॉप्टरसारखे सरळ वर उठून मग विमानासारखे उडणारे. धावपट्टी नको, पॅराशूट नको. निशांतने तीन दशकांपूर्वी सोडवायला घेतलेला प्रश्न बॅटरी आणि छोट्या मोटरींनी असा सुटला. उंचीवरची थंडी मात्र बॅटरीला सोडत नाही. उणे २० अंशांत लिथियम बॅटरीची उपलब्ध ऊर्जा लक्षणीय घटते, आणि उड्डाणाच्या क्षणी विद्युतदाब अचानक पडून मोटर थांबू शकते. म्हणून तिथे बॅटरी गरम करूनच बसवतात, आणि कागदावरचा उड्डाणकाळ धरून मोहीम आखत नाहीत.

मोठ्या ड्रोनची पोकळी आयातीने भरली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ३१ एमक्यू-९बी ड्रोनसाठी अमेरिकेशी सुमारे ३२,००० कोटी रुपयांचा व्यवहार झाला. त्यात दुरुस्ती, शस्त्रे, प्रशिक्षण बरेच काही आहे, म्हणून थेट तुलना करू नये. तरीही तापसच्या संपूर्ण विकासाला मंजूर झालेली रक्कम त्याच्या सहा टक्क्यांहून कमी होती, हे लक्षात ठेवावे. एवढ्या रकमेत मोजकीच विमाने बांधता येतात, आणि मोजकी विमाने असली की एक पडताच चाचण्यांचा मोठा हिस्सा थांबतो.

लहान ड्रोनपुढे वेगळाच पेच उभा राहिला. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, पण सुट्या भागांची आयात खुली ठेवली. देशात जुळवलेल्या ड्रोनच्या पोटात चिनी मोटरी, गती नियंत्रक, रेडिओ आणि उड्डाण संगणक राहिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने सामानवाहू ४०० ड्रोनचे तीन करार चिनी भागांमुळे रद्द केले. टेहळणीच्या ड्रोनमध्ये धोका आणखी खोल असतो : रेडिओच्या फर्मवेअरमध्ये (यंत्रात कायम भरलेल्या आज्ञावलीत) एखादा छुपा दरवाजा असेल, तर शत्रूला ड्रोन पाडण्याची गरजच उरत नाही, तो तेच चित्र पाहू शकतो. त्यामुळे आता खरेदीच्या तपासणीत बाहेरचा सांगाडा कुठे बनला यापेक्षा प्रत्येक चिपचा उगम, फर्मवेअरचा स्रोत आणि तो आपल्याकडे पुन्हा संकलित (कंपाइल) करता येतो का, हे विचारावे लागते आहे.