‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’

प्रगतिपुस्तकात हा शेरा पहिलीपासून आठवीपर्यंत दरवर्षी, वेगवेगळ्या शिक्षकांच्या हस्ताक्षरात आलेला असेल, तर ती पुस्तकं रद्दीत टाकू नका. एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता या विकाराच्या निदानात त्यांचा फार उपयोग होतो. रक्ततपासणी, ईईजी किंवा एमआरआय करून हा विकार सापडत नाही. त्रास कधीपासून आहे, कुठे कुठे आहे आणि त्यामुळे किती अडतं, या माहितीवरूनच निदान होतं.

पाचवीतल्या अशा एखाद्या मुलाची गणिताची वही उघडून पाहा. पहिली चार उदाहरणं अचूक. पाचव्यात हातचा विसरलेला, सहाव्यात अधिकच्या जागी वजाबाकी, सातवं अर्धवट आणि कोपऱ्यात विमानाचं चित्र. रीत त्याला येते, हे पहिल्या चारांवरून कळतंच. कंटाळवाण्या कामात लक्ष टिकवून धरणं त्याला जमत नाही. मोबाइलवरच्या गेममध्ये मात्र तो दोन तास गढून जातो, कारण तिथे दर काही सेकंदांनी गुण मिळतात. ‘तेव्हा बरं लक्ष लागतं!’ असं घरचे चिडून म्हणतात. पण मेंदूत डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिन या रसायनांवर चालणारी जी यंत्रणा लांबच्या फळासाठी आत्ताचं काम रेटते, तीच इथे कमी पडते. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांच्या मेंदूच्या बाह्यकाची (बाहेरच्या थराची) जाडी वर्षानुवर्षं मोजली होती. ती कमाल पातळीला पोचण्याचं वय इतर मुलांत सुमारे साडेसात, तर एडीएचडी असलेल्यांत सुमारे साडेदहा वर्षं निघालं. सगळ्यात जास्त उशीर कपाळामागच्या भागात होता. वांडपणाचं खापर संस्कारांवर फोडणाऱ्या नातेवाइकांना हे जरूर सांगावं.

निदानाचे निकष ठरलेले आहेत. लक्ष न टिकण्याची ९ लक्षणं आणि अतिचंचलता-उतावीळपणाची ९. यांपैकी एका गटातली किमान ६ (१७ वर्षांपासून पुढे ५) लक्षणं ६ महिन्यांहून अधिक काळ हवीत, त्यांतली काही वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली हवीत, आणि ती किमान दोन ठिकाणी, म्हणजे घरी आणि शाळेतही, दिसायला हवीत. ही शेवटची अट बरेचदा डावलली जाते. आईने प्रश्नावली भरली, शिक्षकांना विचारलंच नाही, आणि निदान झालं! त्रास फक्त शाळेत असेल तर आधी अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण), कान आणि डोळे तपासायला हवेत. फक्त घरीच असेल तर घरात काय चाललंय ते. रात्री तोंड उघडं ठेवून घोरणारं मूल नाकामागच्या वाढलेल्या गाठींमुळे (अ‍ॅडेनॉइड) अर्धवट झोपतं आणि दिवसभर चुळबुळत राहतं. मध्येच काही सेकंद टक लावून गप्प होणारं मूल फिटच्या एका प्रकाराचं असू शकतं. रक्तक्षय, थायरॉइड, चिंता हेही बघून घ्यावं लागतं.

मुली यात फार मागे राहतात. बाकावर शांत बसून खिडकीबाहेर बघणारी मुलगी कोणाला त्रास देत नाही, म्हणून तिच्याबद्दल तक्रारच येत नाही. तिला ‘वेंधळी’ म्हणतात आणि विषय तिथेच संपतो.

सहा वर्षांखालच्या मुलांत उपचाराची सुरुवात औषधाने करत नाहीत. पालकांना प्रशिक्षण देतात. त्याचा गाभा अगदी साधा आहे. सकाळी स्वयंपाकघरातून आवाज जातो, ‘दात घास, दप्तर भर, डबा घे, बूट घाल!’ मुलाच्या हाती यातली एखादीच सूचना लागते. त्याऐवजी जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, नावाने हाक मारा आणि एवढंच म्हणा, ‘बूट घाल.’ घालेपर्यंत तिथेच थांबा. घातले की त्याच क्षणी शाबासकी, आणि मगच पुढची सूचना. ‘परीक्षेत चांगले मार्क मिळव, सायकल घेऊ’ हे बक्षीस या मुलासाठी फारच लांबचं आहे. आजच्या कामाचा तारा आजच वहीत लागला पाहिजे. तेच बक्षीस दोन-तीन आठवड्यांत शिळं होतं, तेव्हा बदलत राहा. गृहपाठाचे दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे करा आणि घड्याळ समोर ठेवा.

सहा वर्षांनंतर मात्र औषधाला घाबरून वर्षं घालवू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. पहिलं औषध मिथाइलफेनिडेट. ते सहसा ५ मिलिग्रॅमपासून सुरू करून दर आठवड्याला ५ ते १० मिलिग्रॅमने वाढवतात. दिवसाची कमाल मात्रा साधारण ६० मिलिग्रॅम. ही वाढ डॉक्टरांनीच करायची. गाडी अडते ती इथेच: पहिल्या छोट्या मात्रेवर आठ दिवस काढून ‘काही फरक नाही’ म्हणून गोळी बंद होते. दुसरी चूक वेळेची. साध्या गोळीचा असर जेमतेम चार तास टिकतो. सकाळी आठला दिलेली गोळी बारापर्यंत उतरते आणि आईबाबा ऑफिसातून येऊन संध्याकाळी सातला फरक शोधतात! फरक सांगू शकतील ते वर्गशिक्षक. दुपारच्या सत्राची शाळा असेल तर गोळीची वेळही त्यानुसार ठरवायला हवी, पण फार उशिरा दिली की रात्री झोप लागत नाही. जास्त वेळ टिकणारी गोळी कुटून किंवा चावून घेतली, तर दिवसभराचं औषध एकदम सुटतं.

भूक कमी होते हे खरं. म्हणून गोळीच्या आधी पोटभर पोहे किंवा अंडी-चपाती, आणि असर उतरल्यावर संध्याकाळी पुन्हा नीट जेवण. वजन, उंची, नाडी आणि रक्तदाबाची नोंद ठेवायची. घरात कोणी तरुण वयात हृदयविकाराने अचानक गेलं असेल, तर ते सुरुवातीलाच सांगायचं. हे औषध आपल्याकडे अमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीत आहे, त्यामुळे चिठ्ठीशिवाय मिळत नाही. नवी चिठ्ठी घ्यायला शेवटची गोळी उरेपर्यंत थांबू नका.

दुसरं औषध अ‍ॅटोमॉक्सेटिन. मुलांत वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.५ मिलिग्रॅमपासून १.२ मिलिग्रॅमपर्यंत नेतात. म्हणजे ३० किलोच्या मुलाला १५ पासून ३६ च्या आसपास. पूर्ण गुण यायला चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. दुसऱ्या आठवड्यात निकाल लावायचा नाही. डोळे पिवळे दिसले किंवा मूल मरणाचं बोलू लागलं, तर लगेच डॉक्टरांना गाठायचं.

शाळेत पुढचा बाक द्यावा, दार-खिडकीपासून दूर. परीक्षेतल्या सवलतींबाबत एक अडचण माहीत असावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. दोन्ही अनेकदा सोबत असतात, म्हणून वाचन-लेखनाची तपासणीही करून घ्यावी.

मोठेपणी धावपळ कमी होते, आतली घालमेल राहते. खात्यात पैसे असून लाइट बिलाची तारीख चुकते. ‘पाच मिनिटांत निघते’ म्हणून अर्धा तास जातो. दूध दर दोन दिवसांनी उतू जातं. जागतिक आरोग्य संघटनेची सहा प्रश्नांची चाळणी आहे, पण ती चाळणीच, निदान नव्हे. नैराश्य, झोपेचा अभाव आणि दारू यांतही तशीच उत्तरं येतात. खरा पुरावा बालपणातच शोधावा लागतो, आणि तिथे ती जुनी प्रगतिपुस्तकं कामी येतात. मोठ्यांनाही औषधांचा गुण येतो. जोडीला किल्लीसाठी दाराशी एकच खिळा, बिलं खात्यातून आपोआप वळती, आणि कामांसाठी एकच डायरी. कुठे जावं हे कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या नंबरवर मराठीत बोलता येतं.

एडीएचडी घराण्यात उतरतो. जुळ्यांच्या अभ्यासांतून त्याची आनुवंशिकता ७० टक्क्यांहून अधिक दिसते. त्यामुळे मुलाची गोळी रोज सकाळी विसरणाऱ्या आईला किंवा बाबांना रागवण्याआधी, त्यांनाही ते सहा प्रश्न विचारावेत. आणि तोवर वारांचे खण असलेली गोळ्यांची डबी मुलाच्या टूथब्रशशेजारी, पण त्याच्या हाताला न लागेल अशा उंचीवर ठेवावी.