डेंग्यूत ताप उतरल्यावरचे दोन दिवस

पावसाळा ओसरू लागला की ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून नवी मुंबईच्या घणसोली-कोपरखैरण्यापर्यंत घरोघरी एकच प्रश्न असतो: प्लेटलेट किती? मुलांच्या आयसीयूत मात्र आधी मुलाचा पाय धरून पाहतात. गार आहे का? बोटाचं नख पाच सेकंद दाबून सोडलं की पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवी. चार लागले, तर हृदय-मेंदू राखण्यासाठी शरीरानं हातापायांचं रक्त आखडतं घेतलंय.

डेंग्यूत केशवाहिन्या पाझरतात. रक्तातलं पाणी पोटात आणि फुप्फुसांभोवती साठतं, उरलेलं रक्त दाट होतं. हे साधारण तापाच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात होतं, नेमकं ‘उतरला एकदाचा ताप’ म्हणतो तेव्हा. पाझर 24 ते 48 तास टिकतो. बारा किलोच्या मुलात रक्तच जेमतेम 900 मिली, म्हणजे सलाईनच्या दोन बाटल्यांहून कमी.

मुलांचं बीपी फसवं असतं. 90/74 वाचून हायसं वाटतं, पण दोन आकड्यांतला फरक फक्त 16. तो 20 किंवा त्याहून कमी झाला की शॉक समजायचा, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त पोचत नाहीये. वरचा आकडा पडेपर्यंत थांबलं तर फार उशीर होतो.

शॉकवर औषध म्हणाल तर शिरेतून नॉर्मल सलाईन किंवा रिंगर लॅक्टेट हे क्षारांचं पाणी. सुरुवातीला किलोला 10 मिली, म्हणजे त्या बारा किलोच्या मुलाला तासाभरात 120 मिली, पंपावर मोजून. बीपी आधीच पडलेलं असेल तर किलोला 20 मिली, पंधरा मिनिटांत. मूल सावरलं की दर तासाला किलोमागे 7, मग 5, मग 3. लघवी मोजायला ओल्या डायपरच्या वजनातून कोऱ्याचं वजा करतात. एक ग्रॅम म्हणजे एक मिली. या मुलाला तासाला 6 ते 12 मिली पुरे.

चूक दोन्हीकडे होते. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं टक्केवारीतलं प्रमाण, 36 वरून 45 झालं तर पाझर चालू आहे. तेच 30 वर आलं आणि नाडी तरीही धावतेय, तर आत रक्तस्राव असू शकतो. तिथे सलाईन नव्हे, रक्त लागतं. पाझर थांबला की साठलेलं पाणी रक्तात परततं. तेव्हाही ‘सलाईन चालू असलेलं बरं’ म्हणत बाटली लटकत ठेवली की फुप्फुसात पाणी भरतं, कधी व्हेंटिलेटरची पाळी येते. वेळेवर बंद केलेलं सलाईन हाही उपचारच.

रक्तस्राव नसेल तर नुसता प्लेटलेटचा आकडा 30 हजारांपर्यंत उतरला म्हणून त्या चढवायची सहसा गरज नसते. पपईच्या पानांचा कडू रस पाजून उलटी काढण्यापेक्षा ओआरएसचे घोट पोटात टिकतात. तापाला पॅरासिटामॉल, किलोला 15 मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतरानं, आयब्युप्रोफेन नको.

सतत पोटदुखी, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, मरगळ, सहा तास लघवी नाही: यातलं काहीही दिसलं की 108 ला फोन करा किंवा निघा, आणि मुलांचा आयसीयू आहे का हे निघतानाच विचारा, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये दुसऱ्या हॉस्पिटलची फेरी परवडत नाही. ताप कधी सुरू झाला आणि शेवटची लघवी कधी झाली ते कागदावर लिहून घ्या. पहिल्या दिवशीचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, रिपोर्टही सोबत असू द्या. हिमॅटोक्रिट 45 हे वाढलेलं की मुळातलंच, ते त्यावरूनच कळतं.